'क्रॅक' आणि 'वल्ली' : एका शब्दकुळाचा वृत्तान्त

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकालगतच्या ज्या वस्तीत आमचे वास्तव्य आहे तिला पडाव म्हणतात. कोकणातील मराठी माणसाच्या कानी हा शब्द पडला तर त्याच्या डोळ्यांपुढे माल आणि माणसे वाहून नेणारे गलबत उभे राहील. येथील हिंदी भाषकास मात्र पडाव म्हणजे प्रवासातील मुक्काम, छावणी. इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ जेथे कायमचा पडला त्या भागास 'लष्कर' हे नाव मिळाले आणि छावणी उठून गेली तरी नाव राहिले, हे सर्वश्रुतच आहे. एकच ध्वनी, परंतु एका प्रांतात तो चालता आणि दुसऱ्या प्रांतात थांबलेला. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या आम्हां लोकांस शब्दांच्या अशा स्थित्यंतरांकडे पाहण्याची सवय आपोआपच जडते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका शब्दाचा आणि त्याच्या सोयऱ्यांचा विचार करणार आहोत. तो शब्द म्हणजे 'क्रॅक'.

'तो जरा क्रॅक आहे' हे वाक्य सुशिक्षित मराठी घरांत आणि विशेषतः शाळा-महाविद्यालयांच्या आवारात ज्याने ऐकले नाही असा वाचक विरळा. शब्द इंग्रजी आहे, अनौपचारिक आहे, शिष्टसंमत लेखनात तो सहसा येत नाही. आणि म्हणूनच त्याची चौकशी कोणी करीत नाही. परंतु शब्द क्षुल्लक असला तरी त्याने जे काम हाती घेतले आहे ते क्षुल्लक नाही. चारचौघांहून निराळे वागणाऱ्या मनुष्यास समाज कोणत्या नावाने हाक मारतो, यावर त्या मनुष्याचे समाजातील स्थान पुष्कळ अंशी ठरत असते. हे नाव पूर्वी काय होते, आज काय झाले आहे आणि या बदलात आपण काय मिळविले व काय गमावले, हा आमच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम या पाहुण्या शब्दाचे मूळ पाहू. इंग्रजीत 'क्रॅक' हा मुळात ध्वन्यनुकारी शब्द आहे. वाळलेले लाकूड वा भांडे तडकताना जो आवाज होतो तो या शब्दात उतरला आहे. त्यावरून तडा हा अर्थ आला आणि तडा गेलेल्या भांड्यावरून तडा गेलेल्या डोक्याची कल्पना निघाली. 'क्रॅक्‌ब्रेन्ड' हा समास इंग्रजीत सतराव्या शतकापासून आढळतो. 'क्रॅकपॉट', म्हणजे फुटके मडके, हा त्याचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इंग्रजीत विशेषण म्हणून नुसता 'क्रॅक' हा शब्द वापरला तर त्याचा अर्थ उत्कृष्ट, निवडक असा होतो. अचूक नेमबाजास किंवा नामांकित पलटणीस ते विशेषण लावतात. वेडगळ या अर्थी शब्द वापरावयाचा तर त्यास प्रत्यय जोडून 'क्रॅक्ड' म्हणावे लागते. मराठीने उधार घेताना तो प्रत्यय गाळला. त्यामुळे इंग्रजाच्या कानास जे स्तुतीचे वाटावे ते मराठीत उपहासाचे झाले. भाषांच्या व्यवहारात असे अपघात नेहमीच घडतात आणि त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही.

खेद करावयाचाच तर तो निराळ्या गोष्टीचा. 'क्रॅक' या शब्दाच्या पाठीमागे जे चित्र आहे ते मोडलेल्या वस्तूचे आहे. त्याच्या जोडीने मराठीत जे शब्दप्रयोग रूढ झाले त्यांकडे पाहावे. 'त्याचा एक स्क्रू ढिला आहे' हा प्रयोग इंग्रजीवरून आला; 'सर्किट' हा शब्द विजेच्या तारांवरून आला आणि इ. स. २००३ मधील एका लोकप्रिय हिंदी चित्रपटातील पात्राच्या नावाने तो घराघरांत पोहोचला. भांडे, यंत्र, विजेची जोडणी, अशी ही उतरंड आहे. मनुष्य निराळा वागतो याचा अर्थ त्याच्यात काहीतरी बिघडले आहे, एवढेच हे शब्द सांगतात. तो निराळा का वागतो, कोणत्या ओढीने वागतो, ही जिज्ञासा त्यांत नाही.

इंग्रजीतील प्रतिष्ठित शब्द याहून फार वेगळा आहे. 'इक्सेन्ट्रिक' या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ केंद्रापासून ढळलेला असा आहे. प्राचीन पाश्चात्त्य ज्योतिषात पृथ्वी ज्याच्या मध्यबिंदूशी नाही अशा ग्रहवर्तुळास हे नाव होते. माणसाच्या स्वभावास ते पुढे लावले गेले. आपल्याकडे त्यासाठी 'विक्षिप्त' हा संस्कृत शब्द रूढ झाला. योगायोग असा की, या शब्दाचे सख्खे भावंड जे 'विक्षेप', तेही आपल्या ज्योतिषशास्त्रातील पारिभाषिक पद आहे. क्रांतिवृत्तापासून चंद्र वा ग्रह उत्तरेस किंवा दक्षिणेस जितका दूर असेल ते अंतर म्हणजे त्याचा विक्षेप. आर्यभटाने चंद्राचा परम विक्षेप साडेचार अंश धरला आहे. आजच्या मोजणीप्रमाणे तो पाच अंशांहून किंचित अधिक भरतो. म्हणजे दोन्ही संस्कृतींच्या शब्दांत आकाश आहे. आणि आकाशात जो रूढ रेषेपासून दूर जातो तो भरकटलेला नसतो. त्याची स्वतःची कक्षा असते आणि ती गणिताने सांगता येते. केप्लरने इ. स. १६०९ मध्ये ग्रहांच्या कक्षा दीर्घवर्तुळाकार असल्याचे प्रसिद्ध केले तेव्हापासून तर केंद्रापासून ढळणे हा सर्वच ग्रहांचा धर्म ठरला. आपल्या गणिताच्या पुस्तकांत त्यास 'उत्केंद्रता' म्हणतात. पृथ्वीची उत्केंद्रता सुमारे ०·०१७ आहे, बुधाची सुमारे ०·२०६. फरक आहे तो प्रमाणाचा.

'विक्षिप्त' या शब्दाचा आणखी एक जुना संसार आहे. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. या क्रमात विक्षिप्त ही तिसरी पायरी आहे. क्षिप्त चित्त सदा अस्थिर, मूढ चित्त जड. विक्षिप्त चित्त मात्र अधूनमधून स्थिर होते आणि पुन्हा ढळते. म्हणजे सामान्य चंचल मनापेक्षा ते एका पायरीने वर, एकाग्रतेच्या उंबरठ्यावर उभे आहे. व्यवहारातील मराठीने हा सूक्ष्म भेद राखला नाही हे खरे. तरीही ज्या मनुष्यास आपण विक्षिप्त म्हणतो त्याच्या ठायी एखाद्या विषयापुरती विलक्षण एकाग्रता आणि इतर सर्व बाबतींत अव्यवस्था पुष्कळदा आढळते, हा अनुभव शिक्षकांस तरी नवा नसावा.

आता खास मराठी परंपरेकडे वळू. आपल्या गद्याच्या आरंभकाळातच या विषयाचा एक अपूर्व ग्रंथ आहे. महानुभाव पंथातील म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र सिद्ध केले. चक्रधरस्वामींचे हे गुरू लौकिक अर्थाने अत्यंत विचित्र वागत. लहान मुलांप्रमाणे खेळत, वाटेल त्या घरी शिरत, वाटेल ते मागत, शिवाशिवीचा विचार करीत नसत. गावचे लोक त्यांस 'वेडे' म्हणत, 'पिसे' म्हणत. परंतु तेच लोक अडीअडचणीत त्यांच्याकडे धाव घेत, त्यांस खाऊपिऊ घालीत, त्यांचा लळा लावून घेत. या चरित्रात 'वेडा' हा शब्द येतो तेव्हा त्यात हसू आहे, धाक आहे आणि ममताही आहे. ज्यास वेडा म्हटले त्यास गावाबाहेर घालविले असा त्याचा अर्थ होत नाही. पुढे संतांच्या वाङ्मयात 'वेड' आणि 'पिसे' हे शब्द ईश्वराच्या ओढीचे वाचक झाले, त्याची पूर्वपीठिका येथे आहे असे म्हणता येईल.

मुसलमानी अमदानीत या शब्दकुळात आणखी एक थोर घराणे दाखल झाले. अरबीत 'वली' म्हणजे ईश्वराचा मित्र, सत्पुरुष. त्याचे अनेकवचन 'औलिया'. मराठीने दोन्ही रूपे घेतली. वलीची 'वल्ली' झाली आणि औलियाचा 'अवलिया' झाला. मूळचे अनेकवचन आपण एकवचन म्हणून वापरू लागलो, जसे 'अहवाल' आणि 'उमराव' या शब्दांच्या बाबतीत झाले. 'काय वल्ली आहे!' असे आपण म्हणतो तेव्हा एका सत्पुरुषवाचक शब्दाने आपण त्या मनुष्यास संबोधित असतो, याची जाणीव बोलणाऱ्यास नसते. तथापि शब्दाच्या अंगची ऊब टिकून आहे. इ. स. १९६२ मध्ये पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९६५ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाच्या नावातच एक सिद्धान्त आहे: प्रत्येक वल्ली ही आधी व्यक्ती असते.

आम्हां ग्वाल्हेरकरांस 'अवलिया' हा शब्द अधिक जवळचा वाटण्यास ऐतिहासिक कारण आहे. या शहरात शेख महंमद घौस यांची कबर आहे, ते इ. स. १५६३ मध्ये वारले आणि त्यांच्या शेजारीच तानसेन चिरविश्रांती घेत आहे. महादजी शिंदे हे बीडच्या मन्सूरशाह अवलियांचे भक्त होते आणि शिंदे घराण्याने ती निष्ठा पुढेही जतन केली. हिंदुस्थानच्या राजकारणाची सूत्रे हलविणारा सेनापती एका फकिरापुढे नम्र होतो, या गोष्टीचे त्या काळी कोणास आश्चर्य वाटले नाही. विरक्त, विलक्षण, जगाच्या रीतीस न जुमानणारा मनुष्य हा कदाचित आपल्याहून अधिक काही जाणत असेल, अशी शंका समाजाच्या मनात जिवंत होती.

या दोन कुळांखेरीज मराठीत अशा स्वभावाचे वर्णन करणारे शब्द विपुल आहेत. 'तऱ्हेवाईक' हा अरबी 'तरह' म्हणजे रीत या शब्दापासून. ज्याची रीत स्वतंत्र तो तऱ्हेवाईक. 'लहरी' मध्ये पाण्याची लाट आहे, 'छांदिष्टा'त छंद आहे, 'नादिष्टा'त नाद आहे. 'चक्रम' म्हटले की फिरलेल्या डोक्याचे चित्र उभे राहते. 'खुळा', 'अर्धवट', 'दीडशहाणा' हे शब्द अधिक बोचरे आहेत. शेवटच्या दोन शब्दांत शहाणपणाचा हिशेब अपूर्णांकांत मांडला आहे आणि एक या संख्येच्या अलीकडे राहिले काय किंवा पलीकडे गेले काय, दोष सारखाच, असा त्याचा निष्कर्ष आहे. आमच्या भागातील मराठी बोलण्यात हिंदीच्या सहवासाने 'सनकी', 'झक्की', 'खब्ती' यांचीही भर पडली आहे. मोल्सवर्थच्या कोशाची इ. स. १८५७ ची दुसरी आवृत्ती चाळली असता शब्दापुढे त्याच्या मूळ भाषेचे आद्याक्षर दिलेले आढळते. या एका अर्थक्षेत्रापुरते पाहिले तरी संस्कृत, अरबी, फारसी, हिंदी आणि देशी अशा सर्व बाजूंनी मराठीने शब्द गोळा केले आहेत असे दिसेल. ज्या गोष्टीचे निरीक्षण समाज बारकाईने करतो तिच्यासाठीच तो इतके शब्द साठवितो.

मात्र हे सर्व शब्द सर्वांस सारख्या न्यायाने लावले जात होते असे समजण्याचे कारण नाही. 'शौक' आणि 'हौस' हेही अरबी कुळातीलच शब्द. पण त्यांचा मान निराळा. माधवराव महाराज शिंदे (१८७६–१९२५) यांची आगगाडीची आवड प्रसिद्ध आहे. जयविलास प्रासादातील मेजवानीच्या मेजावर त्यांनी चांदीची लहानशी आगगाडी बसविली. ती मद्याच्या सुरया आणि चिरूट घेऊन पाहुण्यांपुढून फिरे आणि सुरई उचलताच थांबे. त्याच आवडीतून दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे वाढली. ग्वाल्हेरपासून श्योपुरापर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर धावणारी ती गाडी आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे. रूळ रुंद करण्यासाठी ती इ. स. २०२० मध्ये बंद झाली. चांदीच्या गाडीस कोणी खूळ म्हटले नाही, कारण ती महाराजांची हौस होती. आणि त्या हौसेतून लोकांची सोय झाली हेही नाकारता येणार नाही. परंतु तीच आवड एखाद्या कारकुनास असती आणि त्याने पगार खेळण्यातील गाड्यांवर उधळला असता, तर त्याच्यासाठी कोणता शब्द निघाला असता हे सांगावयास नको. राजाची हौस, श्रीमंताचा शौक, विद्वानाचा छंद आणि गरिबाचे खूळ, अशी ही शब्दांची वर्णव्यवस्था आहे. कोशकार अर्थ देतात. शब्द कोणी कोणास लावावयाचा हा रिवाज कोशात सापडत नाही.

या संदर्भात ग्वाल्हेरच्या एका थोर गायकाचे चरित्र आम्हांस फार बोधप्रद वाटते. हद्दूखाँ यांचे पुत्र रहिमतखाँ हे ग्वाल्हेर घराण्याचे असामान्य गवई. पुढे त्यांचे मन अस्थिर झाले, अफूचे व्यसन जडले आणि ते घरदार सोडून काशीकडे भटकत राहिले. अशा अवस्थेत त्यांस सांभाळले ते विष्णुपंत छत्रे यांनी. हे छत्रे म्हणजे इ. स. १८८० च्या सुमारास हिंदी सर्कस उभी करणारे प्रसिद्ध गृहस्थ. तारुण्यात ग्वाल्हेरीस राहून त्यांनी घोडे शिकविण्याची विद्या आणि हद्दूखाँपाशी गायन, अशा दोन्ही गोष्टी संपादन केल्या होत्या. गुरुपुत्र काशीत दैन्यावस्थेत आहे असे आढळताच त्यांनी त्यास आपल्यापाशी आणले. सर्कशीच्या फिरस्तीत रहिमतखाँ त्यांच्यासमवेत राहिले, गावोगावी त्यांचे जलसे झाले, 'भूगंधर्व' ही पदवी त्यांच्या नावास चिकटली. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी तोच भार उचलला. इ. स. १९२२ मध्ये कुरुंदवाड येथे रहिमतखाँ निवर्तले. त्यापूर्वी काही वर्षे त्यांच्या गायनाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. त्या आजही ऐकावयास मिळतात. अब्दुल करीमखाँ यांच्या गायकीवर त्यांचा ठसा उमटला हे जाणकार मान्य करतात.

या वृत्तान्तातील मर्म काय? रहिमतखाँ हे केवळ गमतीदार स्वभावाचे गृहस्थ नव्हते. ते दुःखी आणि व्याधिग्रस्त होते. त्यांच्या विक्षिप्तपणाच्या आख्यायिका रंगवून सांगणाऱ्यांनी हे विसरू नये. परंतु त्यांच्या भोवतीच्या लोकांनी त्यांच्याविषयी केवळ 'बिघडलेला' असा निकाल दिला नाही. त्यांच्यातील गवई आणि त्यांच्यातील रोगी यांची त्यांनी गल्लत केली नाही. एकाचा मान राखला, दुसऱ्याची शुश्रूषा केली. छत्र्यांपाशी कोणतेही मानसशास्त्र नव्हते. त्यांच्यापाशी एक नाते होते, गुरुपुत्राचे, आणि त्या नात्यास शोभेल असा शब्द व वागणूक भाषेत व समाजात उपलब्ध होती. ती नसती तर भूगंधर्वाचा स्वर काशीच्या एखाद्या गल्लीत विरून गेला असता.

नेमक्या याच काळात दुसरी एक व्यवस्था देशात रुजत होती. इ. स. १८५८ मध्ये सरकारने वेड्यांसंबंधीचे कायदे केले आणि १८५९ मध्ये आग्रा येथे वेड्यांचे इस्पितळ निघाले. पुढे १९०१ मध्ये ठाण्यास तशीच संस्था झाली. पुण्याजवळ येरवडा येथेही झाली. आजाऱ्यांच्या उपचारासाठी अशा संस्था हव्यात याबद्दल दुमत नाही. परंतु भाषेवर त्यांचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ही गावांची नावे शिव्या बनली. महाराष्ट्रात 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला पाठवा' आणि आमच्याकडे 'आग्र्याला पाठवा' असे लोक सहज बोलू लागले. जुन्या शब्दांत वेडा गावातच होता. नव्या शब्दप्रयोगांत त्याची रवानगी झाली. कायद्याची भाषा मात्र यथावकाश सुधारली. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडेपणा होता; त्याच्या जागी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर रुग्णाचे हक्क आणि त्याची प्रतिष्ठा यांस अग्रस्थान दिले. कायदा सभ्य झाला, बोलणे राहिले.

आग्र्याची संस्था निघाली त्याच वर्षी, १८५९ मध्ये, लंडनमध्ये जॉन स्टुअर्ट मिल याचा स्वातंत्र्याविषयीचा प्रसिद्ध निबंध छापून निघाला. त्यात त्याने असे प्रतिपादिले आहे की, समाजात विक्षिप्तपणाचे जेवढे प्रमाण असते तेवढेच प्रमाण सर्वसाधारणपणे त्यातील प्रतिभेचे, बुद्धीच्या जोमाचे आणि नैतिक धैर्याचे असते. आणि निराळे वागण्याचे धाडस फार थोडे लोक करतात हाच आपल्या काळाचा मोठा धोका आहे. हा विचार महाराष्ट्रात ज्यांच्या जीवनात उतरला त्यांत गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. पुण्यातील लोकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. त्या वेळी त्यांचे म्हणणे किती जणांस शहाणपणाचे वाटले असेल? स्त्रियांचे शिक्षण, संमतिवय, केशवपन यांविषयी त्यांनी जे लिहिले ते आज शालेय पुस्तकांतील सामान्य ज्ञान झाले आहे. समाजाच्या केंद्रापासून ढळलेला मनुष्य काही वेळा असा असतो की, पुढे केंद्रच त्याच्याकडे सरकते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, प्रत्येक तऱ्हेवाईक मनुष्य आगरकर नसतो आणि प्रत्येक वेडगळ कल्पना उद्याचे सत्य नसते. आक्षेप रास्त आहे. निराळेपणा हा स्वतः गुण नव्हे. काही जण केवळ लक्ष वेधण्यासाठी तऱ्हेवाईक वागतात. काहींच्या लहरीचा जाच घरच्यांस, बहुधा घरच्या स्त्रियांस, जन्मभर सोसावा लागतो, आणि बाहेरचे लोक 'वल्ली आहे' म्हणून कौतुक करतात. काहींच्या वागण्यामागे खरोखरीचा आजार असतो आणि त्यांस कौतुकाची नव्हे तर वैद्याची गरज असते. म्हणूनच एका शब्दाने भागत नाही. हौशी, छांदिष्ट, तऱ्हेवाईक, विक्षिप्त, वल्ली, अवलिया आणि रुग्ण हे सात निराळे लोक आहेत. त्यांस ओळखण्यासाठी सात शब्द हवेत. 'क्रॅक' या शब्दाविरुद्ध आमची तक्रार तो इंग्रजी आहे ही नाही. मराठीने अरबी 'वली' पचविला तसा इंग्रजी 'क्रॅक'ही ती पचवील. तक्रार ही की, तो सातही जागा एकटाच अडवून बसतो आणि बोलणाऱ्यास विचार करण्याच्या श्रमांतून सोडवितो.

शिक्षकाच्या दृष्टीने हा प्रश्न ग्रंथातला नाही, वर्गातला आहे. प्रत्येक वर्गात असा एक तरी विद्यार्थी असतो जो खेळाच्या तासास मुंग्यांच्या रांगा पाहत बसतो, गणित सोडवितो पण रीत लिहीत नाही, रेल्वेची वेळापत्रके मुखोद्गत म्हणतो आणि स्वतःचा डबा घरी विसरतो. दोन-चार दिवसांत वर्ग त्याचे नाव ठेवतो आणि ते नाव वर्षानुवर्षे त्याची पाठ सोडत नाही. दुःखाची गोष्ट ही की, काही वेळा ते नाव शिक्षकांच्या खोलीतूनच वर्गात उतरते. आम्ही अनेक वर्षे शाळेत काढली आहेत. मुलाचे नाव पडल्यानंतर त्याच्या वागण्यातील प्रत्येक गोष्ट त्या नावाचा पुरावा म्हणून कशी वाचली जाते, हे आम्ही पाहिले आहे. नाव पडण्यापूर्वी शिक्षक विचारतो, 'हा असे का करतो?' नाव पडल्यानंतर तो प्रश्न उरत नाही, कारण उत्तर तयार असते.

अलीकडे या शब्दाने आणखी एक कोलांटी घेतली आहे, ती नोंदविल्याशिवाय हा वृत्तान्त पुरा होणार नाही. स्पर्धापरीक्षांच्या शिकवणीवर्गांनी आपल्या सर्व शहरांच्या भिंती व्यापल्या आहेत आणि त्या फलकांवर 'परीक्षा क्रॅक करा' अशी हाक असते. येथे 'क्रॅक करणे' म्हणजे कवच फोडून आत शिरणे, यश मिळविणे. तोच शब्द, तीच पिढी. एक मुलगा परीक्षा क्रॅक करतो म्हणून त्याचे छायाचित्र फलकावर लागते, आणि त्याच्याच बाकावरचा दुसरा मुलगा 'क्रॅक' आहे म्हणून त्याच्याशी कोणी डबा वाटून खात नाही. क्रियापद झाला तर गौरव, विशेषण झाला तर अवहेलना. आपल्या शिक्षणाने मुलांची जी विभागणी केली आहे तिचे इतके नेमके चित्र एखाद्या प्रदीर्घ अहवालातही सापडणार नाही. आणि त्यातील विसंगती ही की, ज्या संशोधनावर त्या परीक्षांचे विषय उभे आहेत ते करणारे लोक बहुधा दुसऱ्या प्रकारचे होते.

या विवेचनावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली कोशकारांस. दाते आणि कर्वे यांच्या संपादनाखाली इ. स. १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग निघाले. त्यानंतर भाषेत जे पाहुणे शब्द कायमचे राहावयास आले त्यांची नोंद केवळ अर्थापुरती न करता त्यांची छटा, त्यांचा वापर करणारा वर्ग आणि त्यांनी विस्थापित केलेले जुने शब्द यांसह व्हावी. बृहन्महाराष्ट्रातील बोलण्यात टिकून राहिलेले 'सनकी', 'खब्ती' यांसारखे शब्दही त्यात यावेत. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर येथील मराठी ही अपभ्रष्ट मराठी नसून तिची एक पडावावरची शाखा आहे.

दुसरी सूचना आपल्या शिक्षकबंधुभगिनींस, आणि ती अधिक निकडीची. शब्दावर बंदी घालून काही साधत नाही. मुले बंदी घातलेला शब्द अधिक आवडीने उच्चारतात. त्यापेक्षा त्यांस जुने शब्द परत द्यावेत. वर्गात एखाद्या मुलास कोणी 'क्रॅक' म्हटले तर त्यास विचारावे की, म्हणजे नक्की काय? छांदिष्ट की विसराळू? लहरी की भित्रा? त्यास काही दुखते-खुपते आहे काय? प्रश्नाचे उत्तर शोधताना मुलांस शब्द तर मिळतीलच, पण आपल्या सोबत्याकडे ती प्रथमच नीट पाहतील. एखादे वेळी उत्तर असे येईल की, या मुलास डॉक्टरांस दाखविले पाहिजे. तेही वेळेवर कळलेले बरे. पुष्कळदा उत्तर असे येईल की, याला मुंग्यांविषयी आपल्या सर्वांहून अधिक माहिती आहे. तसे आढळले तर पुढील तास त्यासच घेऊ द्यावा.